जिन्याकडची खिडकी

संघर्षने खोलीचं दार ढकललं, आईला दंडाला धरून कॉटवर बसवलं, आणि मग त्याला उशीजवळचं पुडकं दिसलं. वर्तमानपत्रात गुंडाळून वरून सुतळी बांधलेलं. त्याने गाठ सोडली. आत त्यांचाच फोटो होता, बुद्ध आणि बाबासाहेब एकाच चौकटीतले. सकाळी सहाला तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. आईने, पारूबाईने, त्याच्यासमोर मेणबत्ती लावून वंदना म्हटली होती.

पारूबाईने हात पुढे करून काचेवरून बोटं फिरवली.

"फुटला न्हाय," ती म्हणाली. तिचा आवाज पंधरा दिवसांत पार बसला होता. घशाच्या गाठीवर लाइट, म्हणजे किरणं, द्यायला सुरुवात झाल्यापासून ती मोजकंच बोलायची.

दवाखान्यात रोज जावं लागणार होतं, सहा आठवडे. कोडोलीहून रोज एसटीने आणणं तिला झेपणारं नव्हतं, म्हणून संघर्षने शाळेतल्या कारकुनीतून रजा काढली आणि मंगळवार पेठेत ही खोली घेतली. कबनूरकर माई एकट्याच राहायच्या. ब्लाऊज शिवायच्या आणि मागची एक खोली दवाखान्यातल्या पेशंटांच्या माणसांना महिना-दीड महिना द्यायच्या. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर दोघांत. पहिल्या दिवशी माईंनी कट्ट्याचा डावा भाग दाखवला होता, फळीवरचा एक कप्पा रिकामा करून दिला होता. गाव विचारलं, आजार विचारला. आडनाव विचारलं नाही. कोल्हापुरात कांबळे या आडनावावर अकरा दारांतून परत आलेल्या संघर्षला ते इतकं नवं होतं, की त्या दिवशी त्याने बायकोला फोन करून मुद्दाम ते सांगितलं होतं.

खोलीच्या भिंतींना ओल होती, खिळा धरत नव्हता. म्हणून फोटो स्वयंपाकघरात लावला होता, तीन दिवसांपूर्वी.

तो आतल्या दाराने स्वयंपाकघरात गेला. माई मेथी निवडत बसल्या होत्या.

"माई, फोटो तुम्ही काढला?"

"काढला." त्यांनी मान वर केली नाही. "खोलीत ठेवा. खोली तुमची आहे."

"स्वयंपाकघर दोघांत, असं ठरलंय की."

"कट्टा दोघांत. भिंतीचं बोलणं झालेलं नाही."

"फोटोनं काय अडतंय तुमचं?"

माईंनी एक काडी मोडली, पानं पातेल्यात टाकली. "आणि सकाळचं ते म्हणणंही दार लावून करा. हळू आवाजात."

"आवाज राहिलाय कुठं तिचा, हळू करायला?"

माईंनी पातेलं बाजूला सरकवलं. उठल्या, हात धुतले आणि जिन्याच्या बाजूची खिडकी ओढून घेतली. वरच्या मजल्यावर घरमालक आण्णा राहायचे. त्यांची जा-ये त्याच जिन्यावरून. माई स्वतः खालच्या मजल्यावर भाडेकरू होत्या, अकरा वर्षांपासून.

संघर्ष तसाच उभा राहिला. एखादा पहिल्याच दिवशी तोंडावर नाही म्हणाला असता, तर त्याला त्याची सवय होती. पण याच बाईने परवा आईसाठी तांदळाची पेज करून, गाळून, कोमट करून दिली होती. आईला दुसरं काही गिळवत नाही हे तिनेच आधी ओळखलं होतं.  तो बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून त्याने प्रसेनजीतला फोन लावला आणि फोटोचं सांगितलं. प्रसेनजीत कॉलेजातला मित्र, आता संघटनेचं काम करायचा.

"रविवारी सकाळी येतो," तो म्हणाला. "चौघं येऊ. भांडायचं न्हाय. सगळ्यांसमोर उभं करून फक्त इचारायचं, का म्हणून."

"ये," संघर्ष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी पहाटे पारूबाई कॉटवरच मांडी घालून बसली. फोटो ट्रंकेवर टेकवून ठेवला होता. संघर्षने मेणबत्ती लावली. स्वयंपाकघराचं दार त्याने लावलं नाही. मुद्दामच अर्धं उघडं ठेवलं.

तिने त्रिशरण म्हटलं. पंचशीलाला सुरुवात केली. तिसऱ्या शीलाच्या मध्येच घशातून नुसती हवा आली. तिने आवंढा गिळायचा प्रयत्न केला, तोही गेला नाही. डोळ्यांत पाणी आलं. संघर्ष पाण्याचा तांब्या घ्यायला वळला आणि तिथेच थांबला.

दारापलीकडून कुणीतरी पुढचं म्हणत होतं.

आवाज खालचा होता, पण अडखळत नव्हता. नुसतं 'बुद्धं सरणं गच्छामि' शाळेतल्या कुठल्याही पोराला पाठ असतं. हे तसं नव्हतं. तिसरं शील पुरं झालं, चौथं झालं, पाचवं झालं. प्रत्येक ओळीच्या शेवटी शब्द जरा लांबवून सोडायची ती ढब त्याच्या ओळखीची होती. गावच्या विहारात बायका असंच म्हणायच्या. लहानपणी तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून हेच ऐकत झोपायचा.

पारूबाईचे हात जोडलेलेच होते. तिचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते.

संघर्षने दार पूर्ण ढकललं. माई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या होत्या. डोक्यावर पदर होता. त्याला पाहून त्यांनी पदर काढला, पुन्हा घेतला.

 त्याने कट्ट्याला हात टेकला.

"तुम्ही..." तो म्हणाला.

"कबनूरची," माई म्हणाल्या. आजवर त्यांच्या तोंडून त्याने पेठेतली स्वच्छ भाषा ऐकली होती. आता ती राहिली नाही. "आमीबी कांबळेच. ह्येंनी आडनाव बदलून घेतलं, गावाचं लावलं. आदल्या घरात कळलं हुतं. सामान रस्त्यावर टाकलं आमचं. ह्येंना ताप हुता, तशात. मग हितं आलो तवा ठरवलं, कुणाला काय सांगायचं न्हाय."

"आणि मी कोण ते?"

"तुमचं नाव आयकलं तवाच कळलं की. म्हणून तर खोली दिली."

"मग फोटो का काढला?"

"जिन्यातनं दिसतोय त्यो. आण्णा वर जाताना थांबून बघत हुते काल. दोनदा."

संघर्षला संताप यायला हवा होता, आणि तो येतही होता, पण कुणावर ते त्याला कळेना. अकरा वर्षं या बाईने तोंड बंद ठेवून काढली होती. मग त्याला रविवार आठवला.

"उद्या माणसं यायची आहेत," तो म्हणाला. "मीच बोलावलीत. तुम्हाला विचारायला."

माईंनी त्याच्याकडे बघितलं. 

"थांबवा त्यास्नी," त्या म्हणाल्या.

तो पळतच बूथवर गेला. प्रसेनजीत हातकणंगल्याला बैठकीला गेला होता, तिथेच मुक्काम, तिथूनच परस्पर येणार. त्याच्या घरातल्या बाईने तिथला नंबर माहीत नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्याने पाच वेळा फोन लावला.

रविवारी दहाला ते चौघे आले. अंगणात चपला काढून नीट उभे राहिले. माई उंबऱ्यात आल्या. पारूबाई खोलीच्या दारापर्यंत भिंतीला धरून आली होती.

"नमस्कार," प्रसेनजीत म्हणाला. "बाई, एकच विचारायला आलोय."

"थांब," संघर्ष मध्येच म्हणाला. "माझाच गैरसमज झाला. फोटो मीच काढून ठेवलाय. खिळा सैल हुता."

प्रसेनजीतने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "परवा फोनवर तू असं न्हाय म्हणालास."

"परवा मला म्हाईत न्हवतं."

"काय म्हाईत न्हवतं?"

 खोटं बोलायची संघर्षने तयारी ठेवली होती, पण पुढचा शब्द तोंडातून निघेना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आण्णा खाली आले. सत्तरीचा माणूस, हातात चष्मा आणि अर्धवट वाचलेला पेपर.

"काय चाललंय, माई? कसल्या फोटोचं बोलणं?"

"बाबासाहेबांच्या," प्रसेनजीत म्हणाला.

आण्णांनी चष्मा घातला. संघर्षकडे पाहिलं, दारातल्या पारूबाईकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही. ते माईंशीच बोलले, बाकीचे तिथे नसल्यासारखे.

"मला शंका होतीच. आजारी माणूस आहे म्हणून गप्प बसलो. पण आपल्या घरात देवधर्म असतो, तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत त्यांना दुसरीकडं सोय बघायला सांगा."

चौघांपैकी एकजण पुढे सरकला. प्रसेनजीतने त्याला हाताने अडवलं. संघर्ष माईंकडे बघत होता. त्या आत वळतील असं त्याला वाटलं. त्याची त्यावर तक्रार नसती.

"चार आठवडं राहिल्यात त्यांच्या उपचाराचं," माई म्हणाल्या.

"ते त्यांनी बघायचं. तुमचा काय संबंध?"

"माझीच माणसं हायती ती."

"तुमची म्हणजे? भाडेकरू."

"न्हाय, आण्णा. माझी. मीबी कांबळेच हाय. तुमास्नी सांगितलं न्हवतं."

 आण्णांच्या हातातला पेपर खाली आला. दर दिवाळीला माईंच्या हातचं फराळाचं ताट वर जायचं. त्यांची बायको आजारी होती तेव्हा तीन महिने माईंनी तिला अंघोळ घातली होती, ती गेली तेव्हा तिच्या तोंडात शेवटचं पाणी माईंनीच घातलं होतं. हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं, कारण आण्णाच ते सांगायचे.  आता त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. मग वळले आणि कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, वर गेले. वरचं दार लागलं.

प्रसेनजीतने माईंना काहीतरी म्हणायला हात जोडले, पण त्या आधीच आत गेल्या होत्या.

त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या. पारूबाई परत येऊन कॉटवर टेकली होती. तिने भिंतीकडे सरकून जागा केली. माई बसल्या.  संघर्ष दारात उभा होता.

"माई, मी..." तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे." त्यांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. त्यांनी समोरच्या ओल्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "खोली बघायची म्हटली तर सुरवात कुठनं करायची वो? मला इतक्या वर्षांत म्हाईत न्हाय. तुमी आत्ताच हिंडलासा."

"दवाखान्याच्या पलीकडं दोन-तीन घरं हायत," तो म्हणाला.

"बघून या," माई म्हणाल्या. "तिघांची म्हणून इचारा. आणि आडनाव आधीच सांगा."