चार वेळा खाली, मग एंटर

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. बाबा मला तोफ म्हणतात, ते काही उगाच नाही.

आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बाबांनी सुरू केलेलं, आता आम्ही दोघं बसतो. बाबांकडे बावीस सीडींचं एक पाकीट होतं. एकेका सीडीवर एकेक ऑपरेटिंग सिस्टिम. निम्म्यांवर चरे पडलेले, आणि हल्लीच्या मशीनना सीडी घालायला जागाच नसते. शेवटी मीच म्हटलं, पुरे झालं हे, सगळं एका पेनड्राइव्हवर घालते. मशीन चालू करताना यादी येईल, हवं ते निवडायचं.

आता असा पेनड्राइव्ह बनवायची साधनं ढीगभर, आणि सगळी फुकट. म्हणून तर घोळ! तीन मी आठवडाभर वापरून पाहिली. पहिलं एकदम चटपटीत, पण एका वेळी एकच सिस्टिम घेणारं. दुसरी घालायला गेलं की पहिली पुसली, म्हणजे ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्या साधनाची यादी चित्रांची, मोठी देखणी, पण जुन्या मशीनवर ते ढिम्म हलेना, आणि आमच्याकडे येणारी निम्मी मशीनं म्हातारी. तिसरं दिसायला ओबडधोबड. पण पेनड्राइव्ह एकदाच तयार करायचा, मग फाइल नुसती आत टाकली की तिचं नाव यादीत आलंच. जुन्यावर चालतं, नव्यावरही चालतं. मी तेच घेतलं आणि स्वतःवर जाम खूश झाले.

त्यात सिस्टिम घातल्या, शिवाय मेमरी तपासायचं, डिस्क पुसायचं अशी आमची लागणारी अवजारं घातली. बाबांनी यादी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि मान डोलावली. आठ दिवसांत त्यांचा हात असा काही बसला की विचारू नका. पेनड्राइव्ह लावला, टक टक टक टक, एंटर. मला वाटलं, या वयात काय ही चपळाई!

त्या मंगळवारी सकाळी मी त्यात आणखी एक सिस्टिम टाकली. बाबांना सांगायचं सुचलंच नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

अकराच्या सुमारास कपडे शिवणाऱ्या एक बाई आपला कॉम्प्युटर घेऊन आल्या. तो मध्येच आपोआप बंद पडायचा. आत नऊशे गिऱ्हाइकांची मापं आणि बारा वर्षांत काढलेले सगळे नमुने.

"दुसरीकडे कॉपी ठेवलीय ना?" मी विचारलं.

"कशाला? यात आहे की," बाई म्हणाल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

"मेमरीच खराब असेल तर आत्ता काढलेली कॉपीही बिघडलेली निघायची," बाबा म्हणाले. "आधी ती तपासतो."

मी मागच्या टेबलावर एका पंख्यातली धूळ काढत होते. टक टक टक टक, एंटर. मग बराच वेळ काहीच नाही.

"तोफे, जरा ये गं. हे थांबलंय."

"थांबेल कसं? तपासणी आपोआप सुरू होते."

"तेच तर म्हणतोय. हे काहीतरी विचारतंय."

मी उठून गेले. मेमरीची तपासणी नव्हतीच ती. डिस्क कायमची पुसायचं साधन उघडलं होतं आणि लाल अक्षरांत विचारत होतं, सगळं पुसू का? एंटर दाबायचाच अवकाश होता. बाबांचं बोट एंटरवर होतं.

मी त्यांचा हात ओढला, मशीन बंद केलं आणि मग तोफ उडाली. "एवढं लाल अक्षरांत लिहिलंय! वाचता येत नाही का तुम्हाला?"

"नाही येत," बाबा म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"आठ महिने झाले. कडेचं दिसतं, मधलं सगळं धूसर. यादी मी वाचत नाही, मोजतो. मेमरीला चार वेळा खाली, मग एंटर."

यादी लागते नावांच्या क्रमानं. सकाळच्या नव्या सिस्टिमनं पहिली जागा पटकावली होती आणि बाकीचे सगळे एकेक पायरी खाली सरकले होते. मेमरीच्या जागेवर तिच्या वरचं, ते पुसायचं साधन येऊन बसलं होतं.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू दुकानात येऊ दिलं असतंस मला?"

खोटं कशाला बोलू? नसतंच येऊ दिलं. गोड बोलून घरी बसवलं असतं, आणि वर बापाची किती काळजी घेते म्हणून चारचौघांत मिरवलं असतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

हात रिकामे राहिले की मी जास्तच बोलते, म्हणून पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लावला. पुसायचं साधन बाहेर काढून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवलं. प्रत्येक नावाआधी आकडा घातला, म्हणजे नवीन कुणी आलं तरी आपली जागा कुणी सोडणार नाही. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, हेही तिथेच ठरवून टाकलं.

बाबा बाईंकडे वळले. "मापं शाबूत आहेत. पण आत्ता ती माझ्या हातून जाणार होती. मशीन दुसऱ्या दुकानात न्यायचं असेल तर खुशाल न्या, मला राग येणार नाही."

त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला मध्ये पडून बोलावंसं वाटलं, पण कधी नव्हे ते मी तोंड बंद ठेवलं. बाईंनी मशीनकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"माझ्या सुईत दोरा गेली पाच वर्षं सून ओवते," त्या म्हणाल्या. "शिवते मीच. चुकतंय असं वाटलं तेव्हा थांबलात ना तुम्ही? मग झालं तर."

बाबांनी चाचपडत एक स्टूल बाईंच्या पुढे सरकवलं.

"बसा," म्हणाले, "तासभर लागेल."