हवाबंद घरातला अबोला

मास्तरांनी उभी हयात कपडे शिवून लोकांची अंगं झाकण्यात घालवली आणि पन्नाशी उलटल्यावर ते स्वतःच्या घराला कोट शिवायला बसले. भिंतीत वीतभर जाड अस्तर, अस्तरावर हवा अडवणारा पडदा, पडद्याच्या जोडांवर टेप, खिडक्यांना तिहेरी काच. गवंडी भिंती उभ्या करून गेला, सुतार चौकटी बसवून गेला, पण सांध्यांना मास्तरांनी कुणाला हात लावू दिला नाही. "शिवण माझी," म्हणाले. दुकानात कपडा तयार झाला की तो उलटा करून शिवणीवरून बोट फिरवायचं आणि टाका सुटलेला दिसला की तिथल्या तिथे घालून टाकायचा, ही त्यांची जुनी खोड. घरालाही त्यांनी तीच लावली. वारा सुटला की हात ओला करून भिंतीभिंतीवरून फिरवायचा आणि कुठे गार झुळूक लागली की चिकटव टेप.

असं घर थोड्या जळणात ऊबदार राहतं, हे मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेताघेता त्याला पटवून देत. गिऱ्हाईक हात वर करून उभं, पळून जाणार कुठे? "पण मास्तर, आत गुदमरायला नाही का होत?" असं एखाद्यानं विचारलं की ते हसत. ताजी हवा आत आणि शिळी बाहेर नेणारं यंत्र त्यांनी माळ्यावर बसवलं होतं. म्हणजे हुशारीच्या खात्यात मास्तरांची बाकी भक्कम होती. ऐकून घेण्याच्या खात्यात मात्र खडखडाट.

एक गोष्ट त्यांच्या शिवणीत बसत नव्हती, ती म्हणजे शेगडी. सासरे मुलीकडे कायमचे राहायला आले ते हाडांत थंडी घेऊनच. त्यांना डोळ्यांसमोर विस्तव हवा होता. "नुसत्या गरम भिंतीकडे बघून काय करू? भिंत काय गप्पा मारते?" मास्तर म्हणाले, हवाबंद घरात लाकडाची शेगडी आणि धुराडं म्हणजे नव्या कोटाला मुद्दाम पाडलेलं भोक. बायको म्हणाली, कोट माझ्या बापापेक्षा मोठा झाला का? शब्दानं शब्द वाढला. शेगडी आली आणि नवरा-बायकोत अबोला सुरू झाला.

अबोला या घराला नवा नव्हता. त्याची रीत ठरलेली होती. दोघंही सासऱ्यांच्या मार्फत बोलत. "बाबा, त्यांना सांगा, भाजी झाकून ठेवलीय." "मामा, तिला सांगा, मला उशीर होईल." तिघंही एकाच खोलीत बसलेले असत. सासरे मान डोलावत आणि पुढे पाठवत. पण त्यांचं टपाल जरा लहरी होतं. आवडलेला निरोप ते मीठमसाला लावून पोचवत, कंटाळवाणा अर्धाच पोचवत, आणि आपल्या गैरसोयीचा गिळून टाकत.

घर किती गळतं हे मोजणारा माणूस यायचा होता. तो दारात मोठा पंखा लावून घरातली हवा ओढणार आणि कुठून किती हवा आत शिरते ते सांगणार. मास्तरांना दहावीच्या निकालाआधी झाली नसेल एवढी धडधड सुरू झाली. आदल्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. "माळ्यावरचं यंत्र बंद करून त्याची तोंडं आतून चिकटवा. आणि शेगडी पेटवू नका, राखसुद्धा गार हवी."

पहिलं काम मास्तरांनी स्वतः केलं. दुसऱ्याचा निरोप दिला. "मामा, तिला सांगा, उद्या शेगडी पेटवायची नाही."

"सांगतो," सासरे म्हणाले आणि हात आणखी पुढे करून शेकू लागले. सकाळची थंडी त्यांना आत्ताच आठवली असणार. तो माणूस येईपर्यंत जरासा विस्तव ठेवला तर कुणाचं काय जातंय?

संध्याकाळी शेगडी विझली, वारा सुटला आणि मास्तर ओला हात घेऊन शेवटची फेरी मारायला निघाले. शेगडीच्या मागे, जमिनीलगत, हात गार पडला. चाचपून बघितलं तर भिंतीत मनगटाएवढं भोक! परवापर्यंत नव्हतं. शेगडीवाला काहीतरी अर्धवट टाकून गेला, असं म्हणून त्यांनी त्यात फुगून घट्ट होणारा फेस भरला, वर टेपच्या तीन पट्ट्या मारल्या आणि खुशीत झोपले. विषारी धुराची सूचना देणारी घंटासुद्धा त्यांनी आणून ठेवली होती, पण ती खोक्यातच. तिच्या स्क्रूसाठी तपासणीच्या आधी भिंतीला भोक पाडायचं? छे.

सकाळी ते नेहमीसारखे दुकान उघडायला गेले. तपासणीच्या वेळेला परतायचं होतं. जरा वेळानं शेगडीवाला आपली गुडघा रफू केलेली पँट न्यायला आला. हा माणूस बोलायला लागला की मास्तरांची शिलाई वाकडी जाई.

"काय मास्तर, नळी बघितलीत ना? एक नंबर बसलीय."

"कसली नळी?"

"शेगडीमागची. तुमचं घर बाटलीसारखं बंद, मग आगीनं हवा कुठून घ्यायची? म्हणून भिंतीतून आरपार नळी दिली. वहिनींना सांगून ठेवलंय, ती कधी बुजू देऊ नका. स्वयंपाकघरातला पंखा चालू असताना तर अजिबात नाही. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, हवेला दुसरी वाट नसली की ती धुराड्यातूनच खाली येते. धुरासकट."

मास्तरांची मशीन थांबली.

"तुमच्या घरावरूनच आलो आत्ता," शेगडीवाला पँट उजेडात धरत म्हणाला. "धुराड्यातून धूर येत होता, मग थांबला. एवढ्यात विझवलीत?"

धूर वर येत नाही. मग जातोय कुठे?

त्यांनी बायकोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. एरवी अबोल्यात ती फोन उचलत नसेच. स्क्रीनवर मास्तरांचं नाव बघायची आणि फोन पालथा घालायची. इतकी वर्षं या गोष्टीचा त्यांना राग यायचा. आता ते मनातल्या मनात हात जोडत होते की ती रागावलेलीच असू दे. पालथा घातलेला असू दे. पण फोन पालथा घालणारी आणि जमिनीवर पडलेली, दोघींची घंटा इकडे सारखीच ऐकू येते.

"गाडी काढ," ते म्हणाले. "मी भोक बुजवलंय."

शेगडीवाल्याचं तोंड पहिल्यांदाच मिटलं. पँट तिथेच टाकून त्यानं गाडीकडे धाव घेतली. वाटेत मास्तरांच्या गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लोंबत होती. ती ते बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते.

घर बाहेरून देखणं दिसत होतं. कुठे हालचाल नाही. दार आतून बंद, किल्ली आतल्या बाजूला. मास्तरांनी दारावर दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या. पण रस्त्यावरचा ट्रकसुद्धा आत ऐकू येऊ नये असं दार त्यांनीच निवडलं होतं. ते खिडकीकडे धावले. सासरे शेगडीसमोर खुर्चीत, मान छातीवर. त्यांच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, बायको कपाटाला टेकून बसलेली, एक पाय वेडावाकडा दुमडलेला. वर भिंतीतला स्वयंपाकघराचा पंखा मजेत फिरत होता.

"अगं!" मास्तर ओरडले. "अगं ए!" कितीतरी दिवसांनी ते तिला थेट हाक मारत होते, आणि मधे तिहेरी काच.

शेगडीवाल्यानं गाडीतून घण आणला. पहिली काच फुटली. दुसरीला नुसती जाळी पडली. मास्तरांनी घण हिसकावून घेतला. आपण हे किती पक्कं करून ठेवलंय, हे त्यांना प्रत्येक घावाला कळत होतं. तिसरी फुटली तेव्हा त्यांचा हात मनगटापासून रक्ताळला होता. त्यांनी श्वास कोंडून आत उडी मारली, दार उघडलं, पंखा बंद केला. शेगडीवाल्यानं सासऱ्यांना खुर्चीसकट ओढलं. मास्तरांनी बायकोला काखेत धरून अंगणात आणलं आणि मातीत आडवं केलं. ती ओकली. मग डोळे किलकिले करून तिनं त्यांच्याकडे बघितलं.

"तुमच्याशी बोलत नाही मी," ती म्हणाली.

"नको बोलूस," मास्तर रडत म्हणाले. "श्वास घे. नुसता श्वास घे."

मोजणारा माणूस आपला पंखा घेऊन आला तेव्हा फाटकातून रुग्णवाहिका बाहेर पडत होती. फुटलेली खिडकी बघून तो मुकाट परत गेला.

बायको संध्याकाळपर्यंत उठून बसली. सासरे नाही. त्यांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता आणि दोघं बाहेर बाकावर शेजारी शेजारी, पण मधे जागा सोडून. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, डोक्यावर किती परिणाम झालाय ते जागे झाल्यावर कळेल.

"शेगडी पेटवायची नाही असं मी मामांकडे सांगितलं होतं," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले.

"नळीचं मी बाबांकडे सांगितलं होतं. शेगडीवाला गेला त्याच संध्याकाळी."

"मला म्हणाले, शेगडीवाला येऊन गेला. बस, एवढंच."

"मला तर तेवढंही नाही."

सगळा दोष खोलीत झोपलेल्या म्हाताऱ्यावर टाकणं अगदी सोपं होतं. पण त्याच्या डोक्यावर टपालाचा थैला ठेवला कुणी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सासरे जागे झाले. मुलीला ओळखलं, मास्तरांना ओळखलं, दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली. बायकोनं पदर तोंडाला लावून सुटकेचा निःश्वास टाकला. मग ते म्हणाले, "जावईबापू, मला इथं कशाला आणलंय?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सासरे तापले. "घरात दोन धडधाकट माणसं, आणि एकमेकांना सांगायला तोंडाला काय झालं होतं तुमच्या?" दोघांनी खाली माना घातल्या. बोलणी खाऊनही बरं वाटत होतं.

घरी न्यायच्या दिवशी मास्तर त्यांना सदरा घालत होते. सासऱ्यांची बोटं बटणावर नुसती घसरत होती, काजं सापडत नव्हती. तेव्हा मास्तरांनीच गुडघ्यावर बसून खालून एकेक बटण लावायला घेतलं.

"ट्रायल घेताय होय? काखेत काचतोय हां," सासरे म्हणाले. मास्तर हसले. बायकोही हसली.

सासऱ्यांनी खोलीभर नजर फिरवली, पलंगाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "मला इथं कशाला आणलंय?"

मास्तरांचा हात बटणावर थांबला. सकाळपासून ते हाच प्रश्न विचारत होते, आणि दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखा. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती पलंगावर बापाच्या शेजारी येऊन बसली.

"मी सांगते," ती नवऱ्याला म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.