डुलकी कोण?

सुताराच्या कारखान्यामागच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही समुद्र मांडतो. टेबलभर निळा पट, त्यावर बेटं आणि सुतारानेच कोरलेली गलबतं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात भुसा तरंगत असतो. दोन-चार चाली झाल्या की बाहेरचं जग खरं की हे, तेच कळेनासं होतं.

इथे खरी नावं चालत नाहीत. मी 'घाई', दातांची डॉक्टरीण 'चिमटा', सुतार 'रंधा'. चाच्यांचं काळं गलबत म्हणजे 'जावई', कारण ते येतं, सगळं फस्त करतं आणि हलायचं नाव घेत नाही. नवा माणूस बावचळतो. एकजण तर तोंडावर म्हणाला, तुम्ही लोकांना बाहेर ठेवता. माझं डोकंच फिरलं. बसा, खेळा, हळूहळू सगळं कळतं; आम्ही काय कोणाला हाकललंय?

मग वहिनी आली. दादा जाऊन काही महिने झाले होते. "भाऊजी, ते रविवारी जायचे तिथे मला एकदा न्या," एवढंच ती म्हणाली होती. इथला दादा तिने कधी पाहिलाच नव्हता, आणि तोच तिला हवा होता.

सगळ्यांनी त्या दुपारी आठवणींचा सपाटा लावला. रंधा म्हणाला, डुलकी आपली पाळी येईपर्यंत त्या खिडकीपाशी गाढ झोपायचा आणि उठवलं की डोळे चोळत अशी चाल करायचा, की जावयाची दाणादाण. चिमट्याने त्याच्या गमती सांगितल्या, मीही भर घातली. वहिनी मान डोलवत होती. तिला बरं वाटतंय, असं मी धरून चाललो.

ऊन टेबलावरून उतरलं तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "हे डुलकी आज आले नाहीत का?"

रंध्याच्या हातातलं गलबत हातातच राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी दुपार आम्ही तिच्या नवऱ्याबद्दल बोलत होतो आणि एक ती सोडून ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी पटाकडे बघतच सांगितलं, डुलकी म्हणजे आपला दादा.

"ते झोपायचे?" वहिनी म्हणाली. "इथे?"

घरी तो रात्रभर येरझाऱ्या घालायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, डोळ्याला डोळा लागत नसे. तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला दादाचा भयंकर राग आला. एवढी एक गोष्ट तरी त्याने तिला सांगायची होती.

वहिनी उठली, खिडकीपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, पहिल्यापासून सांगा, मला कळेल असं. मग आम्ही एकेक नाव उलगडत बसलो. समजावून सांगताना आमचे विनोद पार लुळे पडत होते, तरी ती ऐकत होती.

"घोरायचे का?" तिने विचारलं.

"तर! भिंती हलायच्या," चिमटा म्हणाली.

"एवढ्या संसारात मी एकदाही ऐकलं नाही. कोणाला जमत असेल तर करून दाखवा ना."

रंधा आधी लाजला. मग त्याने मान एका बाजूला टाकली, डोळे मिटले आणि थेट दादासारखा घोरू लागला, शेवटच्या बारीक शिट्टीसकट. वहिनीनेही डोळे मिटले. जरा वेळाने तो थांबला.

"थांबू नका," वहिनी म्हणाली.