दर्भाच्या पुतळ्याचं डोकं

मी एक जुनं मातीचं डोकं आहे. हो, नुसतं डोकं! दात काढू नका, मित्रांनो. माझं धड आफ्रिकेतल्या लाल मातीत राहिलं. मी देव होतो, राजा होतो की कुणी मेलेला माणूस, हे विद्वानांना विचाराल तर तेही डोकं खाजवतील. मलाही ठाऊक नव्हतं. दोन हजार वर्षं जमिनीत पडून राहिल्यावर तुम्हाला तरी काय आठवलं असतं? मी आतून पोकळ आहे. भाजताना तडकू नये म्हणून माझ्या डोळ्यांना आणि तोंडाला आरपार भोकं ठेवली आहेत.

सिद्धू नावाचा शिपाई शांतिसेनेतून तिकडे गेला होता. खंदक खणताना मी त्याच्या फावड्याला लागलो. त्याने मला घोंगड्यात गुंडाळून पाटणजवळच्या आपल्या गावी आणलं. त्याची आई राहीबाई दचकलीच. "आगं बया! ह्ये कुणाचं मुंडकं रं?" पण लेकाने आणलंय म्हटल्यावर तिने मला देवळीत बसवलं. पुढे बायका मला शेंदूर फासू लागल्या. मला तो मुळीच आवडत नसे, नाकात जायचा!

एकाहत्तरच्या लढाईत सिद्धू बेपत्ता झाला. राहीबाई रोज माझ्या डोळ्यांच्या भोकांत बघत विचारायची, "तू लय दुनिया बघितलीयास. माझा सिद्धू हाय का न्हाई, येवढं सांग की." मी काय सांगणार, कप्पाळ!

चार वर्षं गेली. सिद्धूचा चुलता ज्ञानू म्हणाला, "वैनी, पोराला किती दिस लटकत ठेवायचं? क्रियाकर्म करून मोकळं करू." राहीबाईचं एकच म्हणणं, "माझा लेक जिता हाय." पण तिचं ऐकतं कोण? देह मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. ज्ञानूने नारळाऐवजी मला ठेवलं. "ह्या मुंडक्यानंच पोराला गिळलंय. जाऊ दे त्येच्यासंगट."

कोयनेच्या काठी, भर दुपारी पुतळा पेटवला. बायकांनी तिथे जायचं नसतं, तरी राहीबाई मागोमाग आली होती. जाळाची हवा माझ्या पोकळीत शिरली आणि मी घुमू लागलो. भोकांतून लांबलचक आवाज निघाला, अगदी माणसासारखा. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. ज्ञानूची तर बोबडीच वळली.

राहीबाई मात्र पुढे धावली. "सिद्धू हाय त्यो! मला हाक मारतोय! जित्याला जाळताय व्हय रं, मुडद्यांनो?" तिने दोन्ही हात जाळात घालून मला ओढून काढलं. क्रियाकर्म तिथेच थांबलं. तिचे हात पुन्हा धड झाले नाहीत. मला फार वाईट वाटतं हो तिचं.

कारण तिला सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगतो. त्या आगीत मला सगळं आठवलं. मला पहिल्यांदा भाजलं, तेव्हाही एक बाई जाळाशी उभी होती. तिचाही लेक परतला नव्हता. तिने मला त्याचा चेहरा दिला आणि माझ्या तोंडाला तोंड लावून त्याचं नाव ओरडली. कोयनाकाठी बाहेर पडलं ते तेच नाव. ती सिद्धूची हाक नव्हतीच.

आता राहीबाई मला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसते. भाजल्या हातांनी मला उचलते, माझ्या तोंडाला तोंड लावते आणि "सिद्धूऽऽ" म्हणून हाक मारते. ते नावही आत जाऊन बसलं आहे. मित्रांनो, कुठे जुनं मातीचं तोंड सापडलं, तर त्याला शेंदूर फासू नका, खेळायला घेऊ नका. जपून ठेवा. मी फुटलो, तर या दोन लेकरांना हाक मारणारं कुणी उरणार नाही.