लेस्टरचं खालचं

खरं तर हे लिहिणारच नव्हतो. कधी न भेटलेल्या माणसासाठी रडलो, हे काय सांगायचं? पण लेस्टर गेला.

लेस्टर म्हणजे अमेरिकेतल्या एका जुन्या रिदम अँड ब्लूज ग्रुपमधला खर्जातला आवाज. बाकीचे चौघं वर गायचे, हा एकटा खाली. कतारमधल्या अल वक्रातल्या आमच्या रूमवर जियाद आणि मी मोबाइलवर ऐकून ऐकून त्यांची गाणी शिकलो. रत्नागिरीच्या जियादचा आवाज बारीक, म्हणून चाल त्याची. मी फक्त लेस्टरचं खालचं गायचो. दोन वर्षं असंच चाललं. मग जियादचं काँट्रॅक्ट संपलं आणि तो गावी गेला.

काल लेस्टर गेल्याची बातमी वाचली. वाटलं, त्याचं एखादं गाणं म्हणावं. म्हणायला गेलो तर नुसतं घुंम् घुंम्. चाल मी कधी शिकलोच नव्हतो!

लगेच जियादला व्हिडिओ कॉल लावला. दोघं गायला लागलो, पण नेटमुळे आवाज उशिरा पोचायचा. तीनदा घसरलो.

"खलास, गुऱ्या! म्हशीसारखा काय मागनं येतोस?" जियाद ओरडला.

"मी नाही, तू उशिरा येतोयस."

दोघंही हसलो.

"चाल शिकून घे ना रे," तो हळूच म्हणाला. "एकट्यालाही म्हणता येईल."

"नाही शिकणार. ती तुझ्याकडेच राहू दे. ईदच्या सुट्टीत मी रत्नागिरीला येतो, शब्द देतो."