ओरखडाही न आलेली खुर्ची

मी चौघांच्या एका छोट्या विमानातली पुढची खुर्ची बोलतेय. माझ्या शेजारी माझी सख्खी बहीण असायची. आमचं जुनं विमान व्हर्जिनियातल्या या चाचणी केंद्रात मुद्दाम आपटायला आणलं आणि बहिणीला उपटून तिथे एक नवी खुर्ची बसवली. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

माझे पाय पोलादी. कितीही दणके बसोत, कधी करकरले नाहीत. तिचे पाय मुद्दाम दुमडतील असे केलेले! तरी कोरिन, इथली तरुण इंजिनिअर, दिवसभर तिच्याच पायांशी. माझ्यावरून साधं फडकं फिरवायलाही तिला सवड नव्हती.

केंद्राचे म्हातारे प्रमुख थरगुड मात्र माझ्या बाजूचे.

"पोरी, मोडणारी खुर्ची माणसाला वाचवणार? उद्या भोक पाडलेली बादली विकशील!"

"सर, खुर्ची मोडली नाही तर माणूस मोडतो."

"माझ्या विमानात अशाच दणकट खुर्च्या आहेत. रविवारी डेलियाला घेऊन उडणार आहे."

"नातीला? अहो, उद्याची चाचणी तरी बघा!"

"तू रांगत होतीस तेव्हापासून विमान उडवतोय मी."

व्वा! हात असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींवर माणसाएवढे पुतळे बसवले. डोकं कुठे आपटतं ते कळावं म्हणून त्यांच्या तोंडांना ओला रंग फासला. विमान दोरांनी उंच ओढलं आणि झोक्यासारखं सोडून दिलं.

धाडकन!

धूळ बसली. मी ताठ उभी होते. ती पार चेपली होती. मी हसणार, तोच कोरिनने धावत येऊन तिलाच मिठी मारली.

"अगं, इकडे बघ," थरगुड मला थोपटत म्हणाले, "ओरखडा नाही!"

"हिला नाही, सर." कोरिनने दणका मोजणाऱ्या यंत्राचा कागद पुढे केला. "दणका हिने जसाच्या तसा वर धाडला. हिच्यावरच्या माणसाचा मणका गेला असता. तिच्यावरचा चालत घरी गेला असता."

थरगुडांनी कागद वाचला आणि माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "रविवारचं रद्द. आधी माझ्या विमानातल्या खुर्च्या काढ."

आता मी कोपऱ्यात पडून आहे. थरगुडांच्या विमानात तिच्याच जातीची एक बसलीय. डेलिया तिच्यावर पाय हलवत बसते म्हणे, खाऊ सांडते, झोपही काढते.

मला उडायचं नाही. मला कळलंय, मी कोण आहे ते. पण त्या पोरीला एकदा इथे आणा. जमिनीवर, दोन मिनिटं, माझ्यावर बसवा.

आणि तेव्हा त्या दुसरीला बाहेर ठेवा.