धुतलेला हात, न धुतलेला हात

हॅटीला शाळेतून काढलं त्याला सहा महिने झाले होते. तिथल्या बाई तिच्या प्रत्येक उत्तरावर "नक्की ना?" म्हणायच्या, आणि नवव्या वर्षी माझी मुलगी स्वतःचं नाव लिहितानाही अडखळायला लागली होती. म्हणून मी तिला आणि धाकट्या ओटिसला घरीच शिकवायचं ठरवलं. पुस्तकं कमी, हातानं करून बघणं जास्त. अमेरिकेत, मोंटानात आमच्याकडे मार्चमध्येही बर्फ असतो, त्यामुळे स्वयंपाकघर हीच आमची प्रयोगशाळा.

त्या आठवड्यात पावाचा प्रयोग होता. हॅटीनं एका स्लाइसला कोंबड्यांच्या खुराड्यात घाण झालेला हात लावला, दुसऱ्याला साबणानं धुतलेला. दोन्ही स्लाइस बंद पिशव्यांत घातले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. रोज सकाळी ती वहीत त्यांचं चित्र काढायची.

पाचव्या दिवशी हिरवी बुरशी आली ती 'धुतलेला'च्या पिशवीत. दुसरा स्लाइस स्वच्छ.

नेमका तो रविवार होता. चर्चहून परस्पर माझी सासू बर्निस जेवायला येणार होती. तिनं तीस वर्षं शाळेत शिकवलंय. "कॉरिन, पोरीला घरात कोंडून तू काय दिवे लावणार?" हे ती दर भेटीत ऐकवायची. तिच्यासमोर हात धुतल्यानं बुरशी येते असं दाखवायचं? मला लाज वाटली. मुलं कोंबड्यांना दाणे टाकायला गेली तेव्हा मी चिठ्ठ्या सोलल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

जेवण झाल्यावर हॅटी मोठ्या उत्साहानं पिशव्या घेऊन आली आणि मध्येच थांबली. पिशवीकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

"आजी, सकाळी बुरशी या पिशवीत होती. मी काढलंय बघ."

"अगं, घाणेरड्या हाताचाच पाव नासणार ना!" बर्निस हसली. "चित्र काढताना गोंधळ झाला असेल तुझा. नीट बघून लिहावं, बाळ."

हॅटीनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटं उचलायला लागले.

तिनं खोडरबर आणलं आणि सकाळचं चित्र खोडायला बसली. कागद फाटेपर्यंत खोडत राहिली.

पुढचे चार दिवस ती मला विचारल्याशिवाय एक ओळ लिहीना. लाल कोबीच्या पाण्यात लिंबू पिळलं, समोर लख्ख गुलाबी रंग आला. "आई, हे गुलाबीच आहे ना? तू बघून सांग." जे शाळेनं दोन वर्षांत केलं, ते मी अर्ध्या मिनिटात केलं होतं.

गुरुवारी ती पुन्हा विचारायला आली तेव्हा मी चमचा खाली ठेवला.

"हॅटी, चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या."

तिनं वहीचं फाटलेलं पान उघडलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"हो."

"आणि मी खोडत होते तेव्हा तू बघत होतीस?"

"हो."

ती वही उचलून खोलीत गेली. दाराबाहेर उभं राहून मी माफी मागितली. तासाभरानं ती बाहेर आली, पहिल्या दिवसाच्या पानावर बोट ठेवून.

"टॉवेल धुवायला गेला होता. मी हात पुसला नव्हता. इथे लिहिलंय. पाव ओला झाला म्हणून नासला."

मला हे सुचलंच नव्हतं. मी वही उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

"आजीला फोन लाव," ती म्हणाली. "आणि तूच सांग."

मी सांगितलं. टोमण्याची वाट बघत मी उभी होते. "तिला दे फोन," एवढंच ती म्हणाली. हॅटी ऐकत राहिली. "हो आजी... ओला होता... नाही, रागावले नाही तुझ्यावर." 'तुझ्यावर' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मग तिनं नवे स्लाइस घेतले, या वेळी तीन: घाणेरड्या हाताचा, धुतलेल्या ओल्या हाताचा आणि धुऊन पुसलेल्या हाताचा. मी पिशव्या उघडून द्यायला पुढे झाले.

"तू हात लावायचा नाहीस."

पिशव्या तिनं आपल्या खोलीत नेल्या. तीन दिवसांनी मी न राहवून विचारलं, "काय दिसतंय गं?"

"कळलं की सांगीन," ती म्हणाली आणि लिहीत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही.